ओठांवरची कानडी

लग्नानंतर वर्षभरात आम्ही साताऱ्याहून बंगळूरला आलो, तेव्हा मला कानडीचा एक शब्द येत नव्हता आणि तो शिकावा असं वाटतही नव्हतं. पन्नासच्या दशकातली ती वर्षं. यांना तिथल्या सरकारी कारखान्यात नोकरी लागली होती. चामराजपेठेत एका दुमजली घराचा वरचा मजला आम्ही भाड्याने घेतला. सोबत सासूबाई होत्या. खाली घरमालकीण राहायची. पन्नाशीची, एकटी. सगळी गल्ली तिला अक्का म्हणायची, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. तिचं घराणं मूळचं मराठी, पण कित्येक पिढ्या बंगळुरातच गेलेल्या, त्यामुळे तिच्या मराठीत निम्मी कानडी असायची. "स्वल्प बस की," म्हणजे थोडं बस, असं म्हणायची. सासूबाईंना ते ऐकून हसू यायचं. त्या स्वतः मराठीपलीकडे जात नसत. दारावर भाजीवाली आली तर बोटांनी खुणा करून वांगी घ्यायच्या.

मुलगी बंगळुरातच झाली. हसरी होती आणि बोलणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बघायची. येणारे-जाणारे म्हणायचे, किती हुशार आहे! दीड वर्षाची झाली तरी बोलेना, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगं, हिचे वडीलही तीन वर्षांचे झाल्यावर बोलायला लागले. घाई कसली?" मला तेच ऐकायचं होतं.

पण मला ठाऊक होतं. एकदा ती पाठमोरी बसून खेळत होती आणि माझ्या हातून पितळी परात फरशीवर पडली. सासूबाई देवपूजा टाकून धावत आल्या. मुलीने मान वळवली नाही. मी परात उचलली आणि म्हटलं, "काही नाही, हात निसटला." त्यानंतर चार-पाच महिने मी कुणाला काही सांगितलं नाही, यांनासुद्धा नाही. ती पाठमोरी असली की हाक मारायचंच मी सोडून दिलं. समोर जायचं, तिने माझ्याकडे बघितलं की मग बोलायचं. घरात कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून मी एवढी धडपड केली, ती आता आठवली तरी अंगावर काटा येतो.

अक्काच्या मात्र लक्षात आलं होतं. एका दुपारी ती गच्चीवर सांडगे घालत होती. मी वाळत घातलेले कपडे काढायला गेले होते आणि मुलगी माझ्या पायाशी होती. हातातलं काम न थांबवता अक्का म्हणाली, "पोरी, तुझ्या लेकीला ऐकू येत नाही. तुला ठाऊक आहे ना?"

मी रडले नाही. चिडले. मुलीला उचललं, अर्धे कपडे दोरीवरच ठेवून खाली आले. दोन दिवस मी जिन्यावरून जाताना अक्काच्या दाराकडे बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ती वर आली, नेसणीचं लुगडं बदलून, बाहेर जायच्या तयारीत.

"माझ्यावर राग धरलास, सरी, बरं, धर," ती म्हणाली. "पण डॉक्टरकडे चल. मी येते सोबत."

डॉक्टरांनी मुलीच्या पाठीमागे घंटा वाजवली, डबा वाजवला, मोठ्याने टाळ्या वाजवल्या. मग म्हणाले, जन्मापासूनच असावं. औषध नाही. घरी येऊन मी सांगितलं, तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "ग्रहणात तू काही चिरलं होतंस का?" त्यात दुष्टपणा नव्हता. त्यांना कारण हवं होतं, तसं मलाही हवं होतं. हे मुलीच्या मागे बसून टाळ्या वाजवत राहिले, पुन्हा पुन्हा, शेवटी मी त्यांचे हात धरले.

ती चार वर्षांची झाल्यावर अक्कानेच शोधून काढलेल्या एका शाळेत आम्ही तिला घातलं. बहिऱ्या मुलांना तिथे ओठ वाचायला आणि बोलायला शिकवत. आयांनी वर्गात मागे बसायचं, असा नियम होता. शाळेतल्या बाई कानडीत बोलत आणि अक्का मला मराठीत सांगे. पहिल्याच दिवशी बाईंनी सांगितलं, "घरात आणि शाळेत एकच भाषा ठेवा. शाळेत कानडी ओठ, घरी मराठी ओठ, असं झालं तर मूल गोंधळतं."

"पण मला कानडी येत नाही," मी म्हटलं.

अक्काने ते सांगितलं. बाई हसल्या. "तिलाही येत नाही. दोघी बरोबर शिका."

परतताना बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसले. चार वर्षं मी या मुलीशी मराठीत बोलत होते, मांडीवर घेऊन गाणी म्हणत होते. त्यातलं एक अक्षरही तिच्यापर्यंत पोचलेलं नव्हतं. मग सोडण्यासारखं होतं तरी काय? तरीही माझ्याकडून काहीतरी काढून घेतल्यासारखं वाटत होतं. अक्काने माझा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि घर येईपर्यंत धरून ठेवला.

घरी सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे नातीशी मी बोलायचंच नाही?" एवढंच विचारलं आणि माळ घेऊन बसल्या.

मग सुरू झालं आमचं शिकणं. सकाळी शाळा, दुपारी अक्काच्या स्वयंपाकघरात माझा अभ्यास. ती भाजी चिरायची आणि मी म्हणायची: हालु म्हणजे दूध, नीरु म्हणजे पाणी, हूवु म्हणजे फूल. चुकले की ती सुरी आपटायची. संध्याकाळी मी मुलीला आरशासमोर घेऊन बसे. कानडीत आईला अम्मा आणि वडिलांना अप्पा म्हणतात, आणि ओठांवर हे दोन्ही शब्द अगदी एकसारखे दिसतात. फरक कळावा म्हणून तिचा हात माझ्या नाकावर ठेवायचा; अम्मा म्हणताना नाक थरथरतं. रोज पन्नास वेळा, शंभर वेळा. महिने गेले. तिच्या तोंडून नुसती हवा यायची.

एके दिवशी माझा संयम सुटला. तिने माझ्या नाकावरून हात काढून घेतला, खेळायला पळू लागली, आणि मी तिला फाडकन मारलं. वर ओरडलेही, मराठीत. ती रडली नाही. गालावर हात धरून माझ्या ओठांकडे नीट बघत राहिली. हा कोणता नवा शब्द आहे, ते ती शोधत होती.

मी तशीच उठून जिन्यात जाऊन बसले. अक्का वर आली, तिने मुलीला कडेवर घेतलं आणि मला म्हणाली, "आज तुला सुट्टी. झोप जा."

"मी मारलं तिला, अक्का."

"मारलंस. दमलीस म्हणून मारलंस. आई झाली म्हणून माणूस दमत नाही काय? उद्यापासून दुपारची हिला माझ्याकडे सोड."

त्या दिवसापासून रोज दुपारी दोन तास मुलगी खाली असायची. मी झोपायची, कधी नुसती पडून राहायची. माझी चिडचिड कमी झाली, हे माझ्याआधी यांच्या लक्षात आलं.

काही आठवड्यांनी एक दिवस मी लवकर उठून तिला आणायला खाली गेले. मुलगी चटईवर झोपलेली. आणि अक्कासमोर पाटावर सासूबाई बसल्या होत्या, हातात आमचाच आरसा. "हा-लु," त्या म्हणत होत्या. अक्का त्यांना दटावत होती, "जप केल्यासारखं पुटपुटू नका हो! तोंड उघडा!" मला बघून सासूबाईंनी आरसा पदराखाली घेतला. कळलं ते असं, की मी झोपले की त्या रोज हळूच खाली उतरत होत्या.

त्या आठवड्यात त्यांनी यांना सांगितलं, "मला कवळी करून दे." त्यांचे पुढचे दात कधीच गेलेले. चार वर्षं आम्ही कवळीसाठी मागे लागलो होतो आणि त्या म्हणायच्या, या वयात कुणाला दाखवायचंय? आता म्हणाल्या, "तिला माझं तोंड वाचता येत नाही. शाळेतल्या बाईंनाच विचारून घेतलं मी अक्काकडून. दात हवेत म्हणे."

कवळी त्यांना टोचायची. हिरड्या सुजायच्या. जेवताना त्या ती काढून ठेवायच्या आणि नात शाळेतून आली की लावायच्या.

पहिला शब्द सासूबाईंच्या वाट्याला आला. मुलगी पूजेच्या खोलीच्या दारात उभी राहून त्यांना म्हणाली, "बा." कानडीत बा म्हणजे ये. आवाज घोगरा, ओढलेला, पण शब्द तोच. सासूबाईंनी घंटा खाली ठेवली आणि खरंच उठून तिच्या मागे गेल्या. तिला त्यांना दाखवायचं होतं, की मांजर दूध पितंय. मी चुलीपाशी उभी होते. मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू. मग भाजी करपल्याचा वास आला.

अम्मा म्हणायला तिला आणखी चार महिने लागले.

ती दहावीपर्यंत शिकली. पुढे नकाशे काढायचं काम शिकून नोकरीला लागली. परक्या माणसाला तिचं बोलणं अजूनही चटकन कळत नाही, आणि मराठी तिला कधीच आली नाही. सासूबाई तिच्याशी शेवटपर्यंत कानडीतच बोलल्या, आमच्याशी मराठीत. अक्का त्यांच्या आधी दोन वर्षं गेली.

मुलगी मोठ्या वर्गात गेल्यावर शाळेतल्या बाई मला म्हणाल्या, नव्या आयांपाशी येऊन बसत जा, त्यांना धीर द्या. धीर कसा देतात, ते मला ठाऊक नव्हतं. पहिल्या दिवशी एक तरुण बाई मांडीवर मुलगा घेऊन बाकावर बसली होती, डोळे सुजलेले. मी शेजारी बसले. मग मी विचारलं, "ऊट आयिता?" जेवण झालं का, असं बंगळुरात कुणीही कुणाला विचारतं. तिने मान हलवली, नाही. मी डबा उघडला. आम्ही दोघींनी दहीभात खाल्ला आणि तिच्या मुलालाही भरवला.