खांबांची तब्येत पाहणारे सर

काँक्रीटचा कुठलाही खांब दिसला की सर मूठ वळून त्यावर टकटक करायचे, कान लावायचे आणि म्हणायचे, "ठणठणीत आहे!" बाजारात नारळ निवडावा तसं. त्यांची स्वतःची तब्येत विचारली तरी हेच उत्तर. सिंगापुरात यिशुनला आमच्या फ्लॅटवर जेवायला यायचे तेही ब्लॉकखालचे खांब ठोकत. माझी लेक वरून ओरडायची, "अंकल, दॅट वन ऑल्सो ओके, लाह!" तुमच्याही ऑफिसात असेल असा एखादा.

सर नागपूरचे. तांजोंग पगारच्या आमच्या ऑफिसात जुन्या इमारतींचं लेझर स्कॅनिंग करून कॉम्प्युटरवर हुबेहूब मॉडेल बनवायचे. जवळचीच एक इमारत पाडून टॉवर बांधायचा होता. सरांनी तिचा खांब न् खांब स्कॅन केला. मॉडेलमध्ये मजबूत खांब हिरवे, कमकुवत लाल. लाल शोधावे लागत होते.

"अहो, हा सांगाडा ठेवा, वर हवं ते बांधा! धडधाकट काँक्रीटचा चुरा करायचा आणि नव्या सिमेंटसाठी पुन्हा भट्ट्या पेटवायच्या? पृथ्वीनं किती सोसायचं?"

मी चिडवायचे, "सर, इमारत आहे ती, तुमचा जावई नाही."

"मॉडेल बघितल्यावर कोण पाडेल हो?"

भाबडा माणूस! मीटिंगमध्ये इमारतीच्या मालकांनी मॉडेल फिरवून फिरवून पाहिलं, तोंडभर कौतुक केलं आणि पाडकाम करणाऱ्या कंत्राटदाराला पाठवून दिलं. कोणता खांब आधी कापायचा, मशीन कुठे लावायचं, त्याला सगळं आयतं मिळालं. इमारत ठरल्यापेक्षा लवकर भुईसपाट झाली. धूळ कमी उडाली म्हणून प्रकल्पाला पर्यावरणाचं बक्षीससुद्धा मिळालं! मला आजही संताप येतो. सर स्टेजवर गेले, फोटोत उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत म्हणाले, "जरा येता का?" मला वाटलं, हॉकर सेंटरच्या स्टॉलवर खायला जायचंय. पण ते साइटच्या पत्र्यांपाशी थांबले. फटीतून नुसता खड्डा दिसत होता. सरांनी सवयीनं मूठ उचलली. ठोकायला काही नव्हतं. मूठ तशीच खिशात घातली.

"मीच वाट दाखवली हो त्यांना," म्हणाले.

राजीनामा देऊन ते नागपूरला गेले. त्यांचं काम आता माझ्याकडे आहे. मॉडेलं भराभर होतात, इमारती त्याहून भराभर पडतात.

परवा फोन केला. विचारलं, "सर, तब्येत कशी आहे?"

"आहे," म्हणाले.