आपाचा कोरा पासपोर्ट

ज्या पनवेलमध्ये माझी थोरली बहीण, आमची आपा, लहानाची मोठी झाली, तिथल्याच पोलीस ठाण्यात तिला परदेशी पाहुणी म्हणून हजेरी लावावी लागायची. त्या ठाण्यातलं बाकडं आठवलं की आजही मला किळस येते. कोपऱ्यात पानाच्या पिचकाऱ्या, आणि समोर हवालदार जिभेला बोट लावून लावून वहीची पानं उलटतोय. त्याची थुंकी आमच्या घराण्याच्या नावावरून फिरत होती, आणि आम्ही हात जोडून बसलो होतो.

आपाचं लग्न फाळणीच्या आधीचं. नवरा जहाजावर खलाशी, बिऱ्हाड कराचीला. तेव्हा कराची म्हणजे मुंबईहून बोटीनं गाठायचं आणखी एक बंदर, एवढंच. मग मध्ये सरहद्द आली, पुढे पासपोर्ट आले, आणि आमची आपा सासरी बसल्या बसल्या परकी झाली.

वडील गेले तेव्हा ती पहिल्यांदा व्हिसा घेऊन आली. व्हिसा फक्त पनवेलचा. पण माहेरी आलेल्या मुलीनं मामाच्या घरी न जेवता परत जायचं, हे आमच्या घरात कुणाच्या डोक्यातही येणं शक्य नव्हतं. मामा उरणला. ती गेली, जेवली, संध्याकाळच्या आत परत आली. कुणीतरी चुगली केली. ठाण्यात जबाब झाला, फौजदारानं दम भरला आणि सोडून दिलं. मामाकडे जेवणं हा गुन्हा ठरवणाऱ्यांची मला तेव्हाच शिसारी आली होती.

काही वर्षांनी आईनं अंथरूण धरलं. आपाच्या पासपोर्टाची मुदत संपली होती, तिनं नवा काढला. तिकडच्या कुणा दलालानं मेव्हण्यांना अक्कल शिकवली, की नवं पुस्तक कोरं आहे, त्यात जुना शिक्का नाही. व्हिसाच्या अर्जात पूर्वी आला होता का, असं विचारलंय तिथं ‘नाही’ लिहून टाका, उरणची भानगडच मिटली. शिवाय पहिल्या पासपोर्टावर वडिलांचं नाव होतं, नव्यावर नवऱ्याचं. आम्हालाही ते पटलं. नवं रेशनकार्ड मिळाल्यावर जुन्या कार्डावरची साखर कोण विचारतं? आमच्या शहाणपणाची धाव तेवढीच होती.

व्हिसा मिळाला. आपा आली. आई दुसऱ्या कुणाच्या हातून पेजसुद्धा घेईना. “माझी बाय आली,” एवढंच दिवसभर चाललेलं.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात गेलो. हवालदारानं नव्याकोऱ्या पासपोर्टाकडे नीट पाहिलंही नाही. “कोनाकडं उतरल्या?” त्यानं विचारलं. मी आमची आळी सांगितली, वडिलांचं नाव सांगितलं. त्यानं कपाटातून जुनी वही ओढली. ठाण्यातल्या नोंदी पासपोर्टाच्या नंबरावर लावलेल्या नव्हत्याच. पाहुणा ज्या घरी उतरतो, त्या घराच्या नावावर होत्या. पुस्तक बदललं, नाव बदललं, पण माहेर तेच होतं.

“ह्या तं मागं पन आल्यात. उरनचा जबाब हाय,” तो म्हणाला. मग आपाकडे बघून दात काढत, “पासपोट नवा काढला. बाप पन नवा काढला काय?”

स्वतःच्या विनोदावर तो खोकला येईपर्यंत हसला. आपानं पदर तोंडाशी धरला. मला त्याच्या तोंडावर ती वही फेकून मारावीशी वाटली. मी “साहेब, चूक झाली” म्हणालो.

आई आज जाते की उद्या, अशी अवस्था होती. आपाच्या व्हिसाची मुदत वाढवून मागण्यासाठी आम्ही अर्ज केला. अलिबागच्या जिल्हा कचेरीतून नकार आला. कारण हवालदारानंच सांगितलं. “उरनचं कायच नव्हतं. ते तवाच मिटलेलं. तुमी ‘नाय’ लिवलं, ते नडलं.” म्हणजे खरं लिहिलं असतं तर कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं. त्या दलालाच्या हुशारीचा, मेव्हण्यांच्या भित्रेपणाचा आणि त्याला माना डोलावणाऱ्या आम्हा सगळ्यांचा मला वीट आला.

आपाला ठरल्या तारखेला निघावं लागलं. आईला काय सांगायचं, हा प्रश्न होता. “मामाकडे जाऊन येते, अम्मी,” ती म्हणाली. आई हसली, लवकर ये म्हणाली. आपा मोटारीच्या अड्ड्यापर्यंत रडली नाही. तिथं मात्र ती ट्रंकेवर बसून रडली.

कराचीला पोचल्याबरोबर तिनं पुन्हा अर्ज केला. या वेळी दोन्ही भेटी लिहिल्या, उरणसुद्धा. येण्याचं कारण लिहिलं, आई आजारी. तो अर्ज दिल्लीहून, मुंबईहून, कुठून कुठून फिरत आमच्या ठाण्यात उतरला तेव्हा आईला माती देऊन बरेच दिवस झाले होते.

तोच हवालदार चौकशीला घरी आला. ओट्याच्या कडेला थुंकला आणि आत डोकावला. “आजारी बाय कुठं हाय? बघायला लागंल.”

मी सांगितलं.

त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली. कागद भिंतीला लावून दोन ओळी खरडल्या आणि माझ्यापुढे धरला.

“करा सही, शेट. आता त्यांना यायला कारन नाय.”

मी सही केली.