भिंतीला हात लावून

आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. वडील बोईसरच्या एका रसायनांच्या कारखान्यात कामाला होते आणि युनियनची पत्रकं घरी आणायचे. मी वाचायला शिकले ती त्यांवरच. छापील कागदाने माणसाला हुकूम सोडावा आणि माणसाने तो मुकाट मानावा, याची मला लहानपणापासून चीड आहे. पण व्यायामाच्या एका पत्रकाचा जेवढा राग मला आला, तेवढा मालकाच्या नोटिशीचाही कधी आला नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी पालघरच्या कॉलेजात जात होते. आमचं गाव तारापूरजवळ, किनाऱ्याला. आत्या आमच्याकडेच राहायची. नवरा गेल्यापासून ती बोईसरच्या बाजारात मासळी विकत होती. त्या हिवाळ्यात तिचं पोटाचं ऑपरेशन झालं. टाके भरले, पण पोटातला जोर परत आला नाही. खाली बसली की उठताना जमिनीला हात टेकायची आणि ओल्या अंगणातून चालताना दोन्ही हात पसरायची. डॉक्टर म्हणाले, "आता हळूहळू व्यायाम सुरू करा." कोणता आणि कसा, हे सांगण्याइतका वेळ त्यांच्याकडे नव्हता.

आत्याला मात्र घाई होती. बाजारातल्या बायकांचा एक रिवाज होता. नारळी पौर्णिमेनंतर होड्या पुन्हा समुद्रात जायच्या, आणि पहिली मासळी बाजारात येईल त्या दिवशी जी बाई जिथे बसेल, ती वर्षभर तिथेच. तिच्या वतीने सुनेने किंवा भाचीने बसलेलं चालत नसे. स्वतः यायचं आणि आपली पाटी आपल्याच डोक्यावरून आणायची. टेम्पो नाक्यावर सोडायचा. तिथून पुढे पायी, आणि वाटेत कारखान्यांच्या पाण्याचा नाला. ते पाणी कधी पिवळं असायचं, कधी तांबडं. नाल्यावर एक अरुंद फळी टाकलेली होती. पाटी डोक्यावर घेऊन त्या फळीवरून जाता आलं, तर आत्याची जागा राहणार होती. नाही तर गेली. जागाही शेडच्या तोंडाशी, गिऱ्हाइकाची पहिली नजर पडेल अशी. शेजारी बसणाऱ्या बाईचा तिच्यावर डोळा होता, आणि ते ती लपवतही नव्हती. आत्याला भेटायला आली तेव्हा म्हणाली, "आराम कर गो तू. जागेची कालजी नको. मी हाय ना."

"तू हायस म्हनूनच कालजी हाय," आत्या म्हणाली.

वडिलांच्या ओळखीने आम्हाला बोईसरच्या एका कॉलनीत बायकांच्या व्यायामवर्गाला जाता आलं. हॉल वरच्या मजल्यावर होता, मोठा, पंखे होते. शिकवणारे सर पांढरी अर्धी विजार घालून यायचे आणि आल्याबरोबर सगळ्यांना पत्रक वाटायचे. पत्रकावर एका सडपातळ तरुणाची चित्रं. तो एका पायावर उभा राही, हात डोक्यावर जोडी, दोन्ही पाय जमिनीवरून उचलून नुसत्या बुडावर बसे, आणि कशातच त्याच्या चेहऱ्यावरची घडी हलत नसे. खाली ठळक अक्षरांत छापलं होतं: 'आसन पूर्ण करावे. अपूर्ण आसनाचा लाभ नाही.' त्या तरुणाचं कधी पोट फाडलं गेलं नव्हतं, त्याने कधी मूल जन्माला घातलं नव्हतं, आणि मासळीची पाटी तर त्याने लांबूनही पाहिली नसावी. त्याच्या मापाचा सदरा शिवायचा आणि तो अख्ख्या तालुक्यातल्या बायांच्या अंगावर चढवायचा, असा तो सगळा कारभार.

आत्या लुगडं वर खोचून एका पायावर उभी राहिली, डुगडुगली आणि तिने भिंतीला हात लावला.

"आजी, भिंत सोडा," सर म्हणाले. "भिंतीला हात लागला की आसन मोडलं."

"मास्तर, भिंत तुमची हाय काय?"

"माझी नाही. पण आधार घेतला की तो व्यायाम राहत नाही."

"मंग तुमी खाली उतरताना जिन्याचा कठडा धरता, तेला काय म्हनायचं?"

दोन-तीन बायका फिसकन हसल्या. सर हसले नाहीत. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "यांच्यासाठी चालणं पुरेसं आहे. हे सगळ्यांना झेपणारं नाही." सगळ्यांना झेपणारं नाही! हे वाक्य मी पुढे आयुष्यात पुष्कळ ठिकाणी ऐकलं, आणि दर वेळी ते बोलणारा माणूस दारात आडवा उभा होता. ज्याला शिकवता येत नाही तो शिष्यालाच नालायक ठरवतो आणि वर त्याला शिस्त हे नाव देतो. पुढच्या वर्गाला आम्ही गेलो नाही. गेलो असतो तरी आमच्या दोन्ही बाजूंच्या चटया आणखी जरा लांब सरकल्या असत्या. त्या पहिल्याच दिवशी सरकू लागल्या होत्या. आमच्या अंगाला मासळीचा वास होता, हे कोणी बोलून दाखवलं नाही इतकंच.

मला वाटलं, आत्याने सरांना हसण्यावारी नेलं. तसं नव्हतं. पत्रकातला शब्द तिच्या मनात रुतला होता. भिंतीला हात लावला की फुकट, ही गोष्ट तिने खरी धरली आणि घरात कोणी नसताना पडवीत हात मोकळे सोडून एका पायावर उभी राहू लागली. एके दिवशी मी कॉलेजातून आले तर ती उखळाशेजारी आडवी पडलेली. कोपर सोललेलं, एक हात पोटावर.

"पडलीस?"

"नाय गो. आसन केलं. तुझ्या मास्तराचं, पूर्न."

डॉक्टरांनी पोट तपासलं. टाक्यांना काही झालेलं नव्हतं. पण ती घाबरली, आणि आत्या घाबरलेली मी त्याआधी पाहिली नव्हती. बाजाराचं नाव काढेना. बाजारातल्या त्या शेजारणीची सून सुकट मागायला आली तर तिला म्हणाली, "तुझ्या सासूला सांग, बस म्हनावं तिथं." ते ऐकून माझ्या अंगाची आग झाली. शेजारणीचा राग नव्हता. राग त्या पांढऱ्या विजारीचा होता. एका ओळीच्या छापील थापेने माझ्या आत्याच्या हातातली जागा काढून घेतली होती.

मी पत्रक घेऊन तिच्यासमोर बसले. म्हटलं, हे एका पायाचं आसन पायासाठी आणि कंबरेसाठी आहे. हात कुठे आहेत याच्याशी पायाला काय देणंघेणं? भिंत धर. दुसरा पाय पोटरीपर्यंत नको, नुसती टाच उचल, बोटं जमिनीला राहू देत. ती उभी राहिली. डुगडुगली नाही. काही दिवसांनी पूर्ण तळव्याऐवजी भिंतीला नुसती बोटं लावली, मग बोटांची टोकं. बुडावर तोलायच्या आसनाचंही तसंच केलं. गुडघे वाकवायचे, टाचा टेकलेल्या, हात मागे जमिनीवर, आणि पाठ मागे झुकवताना पोट आत ओढून श्वास चालू ठेवायचा. हातांवर आणि चवड्यांवर अंग आडवं तोलायचा प्रकार तिला जमिनीवर अशक्य होता. तिनेच तो किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होडीच्या कडेला हात टेकवून, तिरपं उभं राहून केला. पाय उचलायचे तर निजून, एक टाच जमिनीवर ठेवून दुसरी सरकवायची. दुखलं की थांबायचं, हा नियमही आमचाच. पत्रकात दुखण्याला जागाच नव्हती.

आता इथे आपल्याच माणसांबद्दल बोललं पाहिजे. वडिलांचे युनियनचे सोबती संध्याकाळी पडवीत येत. कामगाराला जड ओझं उचलायला लावू नये यावर ते तासभर बोलत, आणि चहा द्यायला उठलेल्या बाईकडे बघतही नसत. आत्याला भिंत धरून उभी असलेली पाहून एक जण म्हणाला, "काय आत्याबाई, पोलिसात भरती व्हायचंय काय?" सगळे खो खो हसले. वडीलही.

"व्हय," आत्या म्हणाली. "पयली तुलाच आत टाकते."

पण हसण्यापेक्षा वाईट गोष्ट पुढे होती. त्याच माणसाने गंभीरपणे समजावलं की या वयात बाईने असे चाळे करण्यापेक्षा जागा एखाद्या तरण्या बाईला देऊन टाकावी. ओझं पाठीवर वाहणारा तो कामगार; ओझं डोक्यावर वाहणारी बाई मात्र त्याच्या पत्रकात बसत नव्हती. मी चहाचे कप त्यांच्यासमोरून अर्धे भरलेलेच उचलले. वडील रागावले. रागावू देत.

पौर्णिमा झाली, होड्या गेल्या, पहिली मासळी आली. नाक्यावर आम्ही दोघी टेम्पोतून उतरल्यावर आत्याने पाटी अर्धी भरून घेतली. उरलेली मासळी नाक्यावर ठेवून दुसऱ्या खेपेला न्यायचं ठरलं. फडक्याची चुंबळ डोक्यावर ठेवली, एका बाईने पाटी चढवून दिली. फळीपाशी आल्यावर ती थांबली. समोर तोंड करून जाण्याऐवजी तिने अंग आडवं वळवलं, एक हात माझ्या खांद्यावर ठेवला आणि पाऊल उचलण्याऐवजी सरकवत निघाली. मी तिच्यापुढे पाठमोरी चालत होते. मागून कोणी तरी ओरडलं, "अगो, खेकडी चालली बघ!"

"खेकडी पोचते," आत्या डोकं न हलवता म्हणाली. खाली नाला तांबडा वाहत होता. ती पोचली.

शेडच्या तोंडाशी शेजारीण आधीच फळकूट टाकून बसली होती. ती म्हणाली, "अर्धी पाटी? ही काय पाटी झाली? आनि पोरीच्या खांद्यावरून आलेली मी पायली. रिवाजात बसत नाय."

बाजारातल्या सगळ्यात म्हाताऱ्या कोळणीकडे सगळ्यांनी पाहिलं. ती बोंबलांवर पाणी मारत होती. मान वर न करता तिने विचारलं, "पाटी कोनाच्या डोक्यावर हुती?"

"तिच्याच."

"मंग उचल तुझं फलकूट."

शेजारणीने उचललं. आपटत उचललं, पण उचललं. आत्या बसताना गुडघे वाकवून, शेडच्या खांबाला धरून सावकाश खाली गेली. मी उरलेली मासळी आणायला जाईन म्हटलं, तर म्हणाली नको, दुसरी खेप पण तीच करणार, रिवाज म्हणजे रिवाज. मी तिच्यासमोर उभीच राहिले. मला काहीतरी मोठं बोलायचं होतं, पत्रकात शोभेलसं.

"तू आता बाजूला हो," आत्या म्हणाली. "गिऱ्हाइकाला आडवी उबी ऱ्हायलीस."