भासऱ्यांचा हात

माझं अक्षर वेडंवाकडं आहे, चौथीपर्यंतच शिकले, ऱ्हस्व-दीर्घ चुकेल. कुणाच्या हाती ही वही पडली तर सांभाळून घ्यावं. काल इचोड्याहून आणलेला गूळ पंचायतीच्या जुन्या तेलुगू कागदात बांधलेला होता, आणि उपसरपंच निवडला तो दिवस आठवला. आमचं गाव तेलंगणात, बोलणं मराठी पण सरकारी कागद सगळे तेलुगूत. जिल्ह्याचे भाग पडले, त्यानंतर आमच्या गावाची वेगळी पंचायत झाली होती. सरपंच धरून नऊ जण शाळेच्या खोलीत सतरंजीवर बसलो, पाच आमच्या पॅनलचे, चार समोरच्यांचे. आमच्याकडून माझे भासरे, म्हणजे यांचे थोरले भाऊ, उभे होते. समोरून भाजीवाल्यांची सून. आम्हा नऊ जणांत तेलुगू वाचता येणारी ती एकटीच. आदल्या वर्षी, जुन्या पंचायतीत मेंबर असताना, भासऱ्यांनी तेलुगू कागदावर न वाचता सही केली आणि आमची बोअर शेजारच्या गावाला गेली; आम्ही बाया नाल्यावरून पाणी आणत होतो. निवडणूक घ्यायला आलेल्या साहेबांनी आधी तिचं नाव घेतलं. चार हात वर झाले. भासऱ्यांपुढं मी कधी तोंड उघडलं नव्हतं, पण पदराखालून माझाही हात वर गेला. "काऊन वो वहिनी, घरचा मानूस दिसून नाई राह्यला का?" आमच्यातलाच एक ओरडला. मी हळूच म्हटलं, "कागद वाचाले कोनी पायजे ना, भाऊ." भासऱ्यांनी टोपी मांडीवर ठेवली आणि स्वतःचा हात वर केला. "अरे, पाहता काय? करा हात वर. साहेब, नऊ लिवा. अन् बोअरचा कागद आजच तिच्या हाती द्या." आता ते नाहीत. माझ्यापेक्षा त्यांनाच हात वर करणं किती जड गेलं असेल, हे मला फार उशिरा कळलं.