जिंकायच्या आधीची शिट्टी

आम्ही जिंकत आलो, की ढमाले सर नेमकी तेव्हाच शिट्टी मारायचे. डोकं फिरायचं राव! पिंपावरून फळी टाकलीय, ओझं जवळजवळ पलीकडे पोचलंय, आणि फुर्र. "थांबा. मागं कोन ऱ्हायलं?"

मागे बहुतेक वेळा पल्लवी असायची. फळीवर चढलं की तिचे पाय कापायचे.

सर मावळातले, सुभेदार म्हणून रिटायर झालेले. लष्करात अधिकारी व्हायचं म्हणून रहाटणीतल्या एका अकॅडमीत आम्ही त्यांच्याकडे तयारी करायचो. फळी, दोर, पिंपं वापरून अख्ख्या गटाने ओझ्यासकट वेळेत अडथळा पार करायचा, असा त्या परीक्षेतला टास्क. मी चाकणची फर्स्ट शिफ्ट संपवून धावत यायचो. कंपनीत दिवसभर टार्गेट, टार्गेट, आणि इथे हा माणूस म्हणणार, "पोचलास ते दिसलं. कसा पोचलास ते सांग की. ओझं काय, क्रेन बी नेतीय. तुला मानसं न्यायचीत, बाळा."

अकॅडमीच्या मालकांना ते परवडेना. समोरच्या क्लासमध्ये प्रत्येक अडथळ्याचं उत्तर घोकून घेत होते, पोरं फटाफट पार व्हायची, पालक तिकडे वळायला लागलेले. मालक आमच्यासमोरच म्हणाले, "साहेब, रविवारी पालक बघायला येतायत. टास्क पूर्ण झाला नाही तर मला दुसरा माणूस बघावा लागेल."

"बघा की," सर म्हणाले.

आम्ही ठरवलं, काहीही करून संपवायचं, सरांना जाऊ द्यायचं नाही. आणि रविवारी मध्येच पल्लवी पिंपावर गोठली. ना पुढे, ना मागे.

सचिन माझ्या कानाशी पुटपुटला, "भावा, तिला राहू दे. ओझं टाक पलीकडे, सरांची नोकरी वाचते."

खरंच वाचली असती. मी सरांकडे बघितलं. ते हाताची घडी घालून उभे, चेहऱ्यावर काहीच नाही. मग आम्ही फळी उचलली आणि मागे वळवली. पल्लवी माझा हात धरून खाली उतरली तोवर वेळ संपली होती. पालक उठायला लागले.

मालक लांबूनच म्हणाले, "साहेब, उद्यापासून येऊ नका."

सर दोर गुंडाळत होते. मी म्हटलं, "सर, पुढे गेलो असतो तर तुम्ही राहिला असता."

"व्हय," ते म्हणाले. "पन मग ऱ्हाऊन तुमाला शिकवनार काय हुतो?"

नवे सर आलेत. उत्तरं पाठ झालीत. परीक्षा तोंडावर आहे, म्हणून आम्ही जातोच. आता रोज टास्क वेळेआधी संपतो. पल्लवीने यायचं बंद केलंय.