राणीला माझं तोंड

माझी मोहवाली साहेबांनी कागदांवर ठेवली. टेबलफॅननं कागद उडत होते म्हणून.

वीतभर उंचीची बाई. डोक्यावर मोहफुलांची टोपली, एक पाय पुढे. मेणात मी घडवलेली, बाच्या भट्टीत काशात ओतलेली. आम्ही ओतारी. चांद्यात देव, घंटा, दिवे ओतून जगणारे.

नागपूरच्या या शिल्पकार साहेबांना गोंड राणीच्या पुतळ्याचं काम मिळालं होतं. चेहरा इकडचा हवा होता. माझा सापडला. रोज दुपारी मी त्यांनी चांद्यात भाड्यानं घेतलेल्या बंगल्यात उभी राहायची आणि त्यांची मुलगी वसुधा मातीत माझं तोंड करायची. माझ्याच वयाची. मुंबईच्या कलाशाळेत शिकलेली.

मी तिच्यावर जळायची. साडीवर नाही, रंगावर नाही. गाल माझा, हनुवटी माझी, आणि अंगठा तिचा फिरायचा. चांगला फिरायचा. म्हणून जास्तच जळायची.

त्या दिवशी पुतळा कमिटी आली. मी धीर करून मोहवाली टेबलावर ठेवली होती. वसुधानं ती उचलली.

"बाबा, हे हिनं केलंय. सुरेख आहे."

साहेब हसले. "जातीचा धंदाच आहे त्यांचा. त्याला शिल्प नाही म्हणत."

आणि ठेवली कागदांवर.

कमिटीतला एक म्हणाला, "पोरी, सरळ उभी राह्य. राणी पाह्याची हाय आमाले."

वसुधा हात धुवायला गेली.

मी मोहवाली उचलली. कागद खोलीभर उडाले.

"काय करून राह्यली?" कमिटीवाला ओरडला.

"माहं सामान घेऊन राह्यली. तोंडबी चाललं माहं. राणीले दुसरीचं लावा."

"पुतळा अर्धवट राहील!" साहेब म्हणाले.

"राहू द्या."

घरी बा घाबरला. "काऊन व, मोठ्या मानसाच्या तोंडी लागली?"

"बा, मले भट्टी पाह्यजे. मानूस ओतता येईल एवढी."

पुतळा झालाच. तोंड कुणा दुसरीचं. खाली दगडावर साहेब आणि वसुधा, बाप-लेकीची नावं. अनावरणाला मी गर्दीत उभी राहून पाहिला. चांगला होता. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

ही जळफळ मी कमी होऊ देणार नाही. तळ्यात जाळं टाकणाऱ्या बाया, रानासाठी फासावर गेलेली माणसं, सगळी मी काशात उभी करीन. पुऱ्या उंचीची. भर चौकात. खाली ओतारणीचं नाव कोरीन. जागा मागणार नाही. घेईन.