सारजाबाईंचं कडवं

त्या स्तोत्राची चाल माझी. हे आधीच सांगून ठेवतो, कारण दुसरं कोणी सांगणार नाही. पौडच्या आमच्या छोट्या चर्चमध्ये सव्वीस वर्षं पेटी मी वाजवतोय, गाणी मी बसवतोय, आणि शेवटचं कडवं एकट्यानं म्हणायचं, तेही मीच म्हणायचो. मग जर्मनीहून पाहुणे आले, मुलींचं वसतिगृह बघता बघता स्वयंपाकघराच्या दाराशी थबकले, आणि माझं कडवं गेलं.

आत सारजाबाई भाकऱ्या थापत गात होती. साठीची बाई, मूळची मुठा गावची. नवरा लवकर गेला, तेव्हापासून वसतिगृहात रांधते. अक्षरओळख नाही, पण स्तोत्रं सगळी ऐकून तोंडपाठ. मी एकदा विचारलं होतं, गायला कुठं शिकलात? तर म्हणाली, "पोरी जेवताना भांडत्यात. गानं म्हनलं की गप जेवत्यात." झालं तिचं संगीतशिक्षण. वर्षभरानं पाहुण्यांचं पत्र आलं. आमच्या अकरा जणांना त्यांच्या गावी गायला बोलावलं होतं आणि खाली लिहिलं होतं, स्वयंपाकघरातल्या त्या बाईंना नक्की आणा. पेटीवाल्याचा उल्लेख नव्हता.

पाळकसाहेबांनी कडवं तिला देऊन टाकलं. तिच्या गळ्यासाठी अख्खं स्तोत्र काळी एकवरून काळी तीनवर न्यावं लागलं. पेटीची तिसरी काळी पट्टी तिचा सा झाली, आणि आम्ही पुरुष कधी खाली घुमायचो, कधी वर ओरडायचो. कोणी तक्रार केली नाही. मी मनात रोज केली.

जर्मनीतला तो तिसरा दिवस. सकाळी न्याहारीला तिनं पिशवीतून शेंगदाण्याची चटणी काढली. आम्ही उतरलो होतो त्या घरच्या मालकीण म्हातारीनं पावाला लावून खाल्ली, डोळ्यांतून पाणी आलं तरी परत मागितली. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, तरी तासभर बोलत बसल्या. मग वर्तमानपत्राचा फोटोग्राफर आला. पांढरं लुगडं, वसतिगृहाचा खाकी स्वेटर, मोज्यांवर चपला, अशी ती चर्चच्या पायरीवर उभी. मी शेजारी पेटी धरून. त्यानं मला हातानं खूण केली, जरा बाजूला व्हा. माझा नुसता जळफळाट झाला.

दुपारी कार्यक्रम. दगडी चर्च गच्च भरलेलं, पण आवाज म्हणून नाही. आमची पद्धत अशी, की मी सूर धरून ठेवतो, सारजाबाई माझ्या खांद्याशी उभी राहून डोळे मिटते, सूर गळ्यात घोळवते आणि मान हलवते. मग सुरुवात. तिला पट्ट्यांची नावं ठाऊक नाहीत. मी देईन तो तिचा सूर.

त्या दिवशी मी काळी तीन सोडून तिच्या वरची, काळी चार दिली.

चुकून नाही. बोट आपसूक घसरलं वगैरे काही नाही. मी बघून, दाबून दिली. तिनं डोळे मिटले, मान हलवली. बाकीच्यांना वाटलं, थंडीनं गळे आखडलेत, म्हणून ओढत राहिले. शेवटचं कडवं आलं. पहिल्या तीन ओळी तिनं कशाबशा पार पाडल्या, चौथीला सूर वर चढतो तिथं आवाज फाटला. ती थांबली. मग तीच ओळ खालच्या सुरात, जवळजवळ बोलल्यासारखी म्हणून टाकली. लोकांनी सभ्यपणे टाळ्या वाजवल्या. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

नंतर शेजारच्या हॉलमध्ये सगळे सूप पीत होते. मी कोपऱ्यात बसलो होतो, तिथं ती आली.

"इश्रामभाऊ, उद्यापासून ते कडवं तुमीच म्हना. म्या पाळकसायबाला सांगितलंय."

"का हो मावशी?"

"गळा ऱ्हायला न्हाई आता. तुमी सूर नीट दिला व्हता, मीच घसरले. एवढ्या लांब आनून तुमच्या गान्याची शोभा केली म्या. लई वाईट वाटतंय. तुमी रागावलात का?"

तोंडात सुपाचा घोट होता. तो गिळला. "नाही," मी म्हणालो. आणि उरलेलं सूप संपवलं.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावात काळी एक लावली आणि कडवं मी म्हटलं. छान झालं. परत येऊन आता चार महिने झाले, कडवं माझंच आहे. दर रविवारी सारजाबाई पहिल्या रांगेत बसते, आणि माझी शेवटची ओळ संपली की सगळ्यांच्या आधी, मोठ्यानं, "आमेन" म्हणते.